आंबट कुठे मुरते?

आमच्या देवगावाच्या नावातच रंगारी आहे. हे देवगाव रंगारी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात येते. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. ज्याला कापड रंगवायचे, त्याला रंगाइतकीच पाण्याची पारख लागते. कारण पाण्यात आंबट असले किंवा खार असला, की रंग फिरतो. याची साक्ष तुमच्या घरातच आहे. सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग तांबडा होतो. त्याच डागावर लिंबू पिळले, की तो परत पिवळा होतो. साबणात खार आहे, लिंबात आंबट आहे. हळद दोघांची चहाडी करते.

लिंबू, चिंच, कैरी, ताक हे आंबटाचे घराणे. शास्त्रात याला आम्ल म्हणतात. चुना, पापडखार, राख, खायचा सोडा हे खाराचे घराणे. ही दोन घराणी समोरासमोर आली, की एकमेकांचा जोर मोडतात. एवढे तुम्हाला ठाऊक आहे. आज त्याच्या पुढची गोष्ट पाहू. काही पाणी असे असते, की त्यात आंबट ओतले तरी ते लवकर आंबट होत नाही. ओतलेले आंबट त्यात मुरते. या गुणावर आपली गाय जगते. आपण स्वतः जगतो. आणि हा गुण ठाऊक नसला, तर शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो.

आधी प्रयोग करू. जास्वंदीच्या लाल फुलाच्या पाकळ्या घ्या. त्यावर उकळते पाणी ओता. जांभळट पाणी तयार होईल. ते गाळून ठेवा. आता चहाचे दोन कप घ्या. एका कपात स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी घाला. ते नसेल तर बॅटरीत घालायचे पाणी चालेल. दुसऱ्या कपात आपल्या विहिरीचे पाणी घाला. दोन्ही कपांत जास्वंदीचे पाणी चमचा-चमचा टाका. आता लिंबाचा रस थेंब थेंब सोडा. प्रत्येक थेंबाला ढवळा आणि थेंब मोजा.

पावसाचे पाणी एका-दोन थेंबांतच गुलाबी होते. विहिरीचे पाणी मात्र हटून बसते. पाच थेंब झाले, तरी रंग जागेवर. दहा झाले, तरी थोडाच फरक. पंधराच्या पुढेमागे केव्हातरी ते एकदम गुलाबी होते. ज्या विहिरीचे पाणी जास्त जड, तिथे थेंब आणखी लागतात.

आम्ही हा प्रयोग वाचनवर्गात केला, तेव्हा मागच्या ओळीतल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, रंगाचं राहू द्या. ह्या दुसऱ्या कपातलं लिंबू गेलं कुठं?"

प्रश्न फार चांगला आहे. सगळे शास्त्र त्या प्रश्नातच आहे. त्याचे उत्तर गुरांच्या भाषेत देतो.

आंबट वस्तूत आंबटपणाचे अतिशय बारीक कण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना मोकाट गुरे समजा. गावात गुरे किती, याने पिकाचे नुकसान ठरत नाही. मोकाट किती, याने ठरते. खुंट्याला बांधलेला बैल कुणाच्या शेतात शिरत नाही. तसेच आंबटाचे आहे. जीभ, जास्वंद, हळद या साऱ्यांना फक्त मोकाट कण कळतात. बांधलेले कळत नाहीत.

पावसाच्या पाण्यात खुंटे नाहीत. लिंबाच्या थेंबातून सुटलेले कण तिथे मोकाट हिंडतात, म्हणून रंग लगेच फिरतो. विहिरीच्या पाण्यात मात्र खुंटे आहेत. पावसाचे पाणी जमिनीतून मुरत खाली जाते. मुरता मुरता ते मातीतली हवा आणि चुनखडी यांचा अंश घेते. त्यातून पाण्यात खायच्या सोड्याचा भाऊबंद तयार होतो. हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तो याच पाण्याचा. हा सोड्याचा भाऊबंद म्हणजेच खुंटे. लिंबाचे कण आले, की तो त्यांना बांधून टाकतो. गुरे वाढली, पण मोकाट वाढली नाहीत. म्हणून रंग हलला नाही. पंधरा थेंबांनी खुंटे भरले. सोळाव्या थेंबाच्या गुरांना बांधायला जागाच उरली नाही. ती मोकाट सुटली आणि रंग एकदम फिरला.

ते एकदम फिरणे नीट ध्यानात ठेवा. पुढे गाईची गोष्ट येईल, तिथे त्याचे काम आहे.

आता उलटा विचार करा. पाण्यात आंबटाऐवजी खार पडला तर? खार हा मोकाट गुरे पळवणारा चोर आहे. त्याने मोकाट कण नेले, तर पाणी खारट बाजूला झुकेल. पण ज्या पाण्यात काही गुरे सैल गाठीने बांधलेली आहेत, तिथे काय होते? मोकाट गुरे कमी झाली, की बांधलेल्यांपैकी थोडी सुटतात आणि भर भरून काढतात. म्हणून उत्तम पाणी ते, ज्यात निम्मे खुंटे भरलेले आणि निम्मे रिकामे आहेत. ते दोन्ही बाजूंनी धक्का सोसते. असे पाणी घरी करता येते. लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा चिमूट चिमूट घाला. फेस येईल. आंबटपणा निम्मा मोडला, की थांबा. मग त्यात आणखी चार थेंब लिंबू घाला की आणखी चिमूटभर सोडा घाला, ते सहजी हलत नाही. लिंबातले आम्ल मवाळ असते. ते आपले काही कण सैल गाठीने बांधून ठेवते, म्हणून हे जमते. गंधकाच्या आम्लासारखे जहाल आम्ल जवळ जवळ सगळी गुरे मोकाट सोडते. त्याला बांधून ठेवणे ठाऊकच नाही.

अशा पाण्याला शास्त्रज्ञ बफर म्हणतात. आगगाडी ज्यांनी नीट पाहिली असेल, त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये दांड्याचे गोल तवे बसवलेले असत. त्यांनाही बफरच म्हणतात. धक्का ते आपल्या अंगावर घेतात. मराठी ग्रंथांत या पाण्याला उभयप्रतिरोधी द्रावण असे लांबलचक नाव आहे. नाव बरोबर आहे, पण जीभ अडखळते. आपण बफरच म्हणू.

मोकाट गुरे मोजायचे मापही आहे. त्याला सामू म्हणतात. माती तपासून आलेल्या कागदावर हा शब्द तुम्ही पाहिला असेल. इंग्रजीत पीएच म्हणतात. हे माप १९०९ साली डेन्मार्क देशातले शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी काढले. ते कोपनहेगन शहरात एका बीअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत. बीअर आंबवताना आंबटपणा नेमका राखावा लागे, त्यातून हे माप निघाले. माप साधारण ० ते १४ पर्यंत असते. ७ म्हणजे मध्य. त्याखाली आंबट, त्यावर खार. लिंबाचा रस २ च्या आसपास, ताजे दूध ६.६ च्या आसपास, चुन्याची निवळी १२ च्या वर. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात घ्या. या मापाची एक पायरी उतरली, की मोकाट गुरे दसपट होतात. दोन पायऱ्या उतरली, की शंभरपट. सात आणि पाच यांत कागदावर दोनाचाच फरक दिसतो, पण तो शंभरपटीचा असतो.

आता गाईकडे वळू.

गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे एक मोठा रांजणच. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडब्याचे पचन गाय स्वतः करत नाही, हे जीव करतात. ते चारा आंबवतात. त्यातून आम्ल निघते, आणि त्या आम्लावर गाईचे पोषण होते. म्हणजे गाईच्या पोटात रात्रंदिवस आंबट तयार होत असते. तरीही निरोगी गाईच्या त्या कप्प्यातला सामू ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. हे कसे? तर लाळेमुळे. गाईच्या लाळेत खायचा सोडा असतो. देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, खुंट्यांची सोय लाळेत केली आहे. मोठी दुभती संकरित गाय दिवसाला १०० लीटरहून जास्त लाळ गिळते. गावरान गाईची कमी, पण तीही थोडीथोडकी नाही. आणि ही लाळ सुटते केव्हा? चघळताना आणि रवंथ करताना. गाय निवांत बसून रवंथ करते, तेव्हा ती पोटात सोडा पाठवत असते.

आता आपल्या भागातली दिवाळीच्या सुमाराची गोष्ट घ्या. शेतात मका निघालेला असतो. खळ्यावर ढीग पडलेला असतो. रात्री गाय दावे तोडते आणि पोटभर मका खाते. सकाळी मालक म्हणतो, खाल्ला तर खाल्ला, दूध वाढेल. इथेच घात होतो. एक तर दाणा चघळायला वेळ लागत नाही, म्हणून लाळ कमी सुटते. दुसरे म्हणजे दाणा कडब्यापेक्षा फार झपाट्याने आंबतो. म्हणजे खुंटे कमी आणि गुरे भाराभर. काही तास काहीच दिसत नाही. विहिरीच्या पाण्याचा रंग पंधरा थेंब हलला नव्हता, तसेच हे आहे. मग खुंटे भरतात. सामू ५.५ च्या खाली घसरतो. कडबा पचवणारे जीव मरू लागतात आणि त्यांच्या जागी आणखी जहाल आंबट करणारे जीव माजतात. सामू ५ च्या खाली गेला, की ते आंबट रक्तात उतरते. गाय चारा सोडते. रवंथ बंद पडते. शेण पातळ आणि आंबट वासाचे होते. डोळे खोल जातात. ती झोकांड्या खाते आणि बसते ती उठत नाही. एक-दोन दिवसांत दावण रिकामी होते.

हे मक्यानेच होते असे नाही. ज्वारी, बाजरी, गहू, पीठ, शिळा भात, लग्नातल्या पंगतीचे उरलेले अन्न, सगळ्याने होते. पोळ्याच्या दिवशी प्रेमापोटी बैलाला पुरणपोळ्यांचा ढीग चारतात. नैवेद्याची एक पोळी द्यावी, त्याला कोण ना म्हणेल? पण दहा घरच्या ओवाळणीच्या दहा-दहा पोळ्या एका बैलाच्या पोटात गेल्या, तर ते प्रेम त्याच्या जिवावर बेतते.

वर्गात एका दादांनी विचारले, "मग मास्तर, घरातला सोडा पाजला तर भागंल का?"

विचार बरोबर दिशेचा आहे. पशुवैद्यही सोडा देतात. पण तीन अडचणी आहेत. किती द्यायचा ते जनावराच्या वजनावर आणि अवस्थेवर ठरते. सोडा आणि आंबट एकत्र आले, की वायू निघतो. फुगलेले पोट आणखी फुगते. आणि नाळीने पाजताना औषध श्वासनळीत उतरले, तर गाय आंबटाने नाही, त्यानेच मरते. म्हणून आपण करायचे ते एवढे: उरलेला दाणा ताबडतोब तोंडापुढून काढा. खात असेल तर फक्त सुका कडबा ठेवा. आणि लक्षणे दिसण्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. जनावरांसाठी १९६२ हा फुकट दूरध्वनी आहे. हे साल नाही, फिरवायचा क्रमांक आहे. किती दाणा खाल्ला आणि केव्हा खाल्ला, हे डॉक्टरांना नीट सांगा. गाय अजून उभी आहे, हेच बोलावण्याचे कारण आहे. बसल्यावर उशीर झालेला असतो.

दुभत्या गाईला खुराक वाढवायचा असेल, तर तो एकदम वाढवू नये. दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा. पोटातल्या जीवांना सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि खुराकाबरोबर लांब काडीचा चारा पोटभर असावा. चारा यंत्रात अगदी भुगा करून दिला, तर चघळणे कमी होते, आणि चघळणे कमी तर लाळ कमी.

जाता जाता दुधाचे सांगतो. दूधही बफर आहे. म्हणून ते विरजणाने लगेच नासत नाही, हळूहळू लागते. सामू ४.६ च्या आसपास आला, की दह्याची कवडी बसते. काही जण आंबू लागलेल्या दुधात सोडा टाकून ते डेअरीवर घालतात. आंबटपणा लपतो, पण दुधात वाढलेले जंतू तसेच राहतात. ही भेसळ आहे आणि तो गुन्हा आहे.

जी सोय गाईच्या पोटात, तीच आपल्या रक्तात. आपण धावलो, राबलो, की अंगात आंबट तयार होते. तरी निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या वाटेवर चालतो. इथेही मुख्य खुंटा सोड्याचाच. त्यात आणखी एक युक्ती आहे. सोड्याने बांधलेल्या आंबटाचा शेवटी वायू होतो, आणि तो वायू छातीतून श्वासावाटे बाहेर जातो. म्हणजे खुंट्याला बांधलेले गुरू गावाबाहेरच नेऊन सोडले. मूत्रपिंडे उरलेले काम करतात आणि सोड्याचा साठा सांभाळतात.

लहान लेकराला जुलाब लागतात, तेव्हा पाण्याबरोबर हा सोडाही शौचावाटे निघून जातो. रक्त आंबट बाजूला कलते. लेकरू जोरजोरात श्वास घेऊ लागते. ते अंगातला वायू बाहेर टाकायची धडपड करत असते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ होती. पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा पाण्यात साखर (ग्लुकोज), मीठ आणि खायचा सोडा कालवून रोग्यांना तोंडाने पाजले. हजारो जीव वाचले. आज दवाखान्यात जे ओआरएसचे पाकीट मिळते, ते त्याच जातीचे. आता त्यात सोड्याऐवजी सायट्रेट असते. ते लिंबातल्या आम्लापासून केलेले मीठ आहे. शरीर त्याचा सोडा करून घेते, आणि पाकीट उन्हात-दमटात सोड्याच्या पाकिटापेक्षा चांगले टिकते. मोठे पाकीट एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळेच्या सगळे घालावे. अर्धे पाकीट अंदाजाने घालू नये. जुलाब झालेले मूल सुस्त पडले, किंवा त्याचा श्वास भराभर चालू लागला, तर पाकिटावर विसंबू नये, तडक दवाखाना गाठावा.

आता मातीचे. आपली काळी जमीन चुनखडीची आहे. तिचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला उचलता येत नाही. मग मोसंबीची, आल्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी दुकानात जातो. तिथे कुणी सांगते, सामू वाढलाय, हे आम्ल जमिनीत सोडा, सामू खाली येईल. पाच लीटरचा कॅन घेऊन गडी घरी येतो.

त्याचा हिशेब मांडू. एक एकरातली वरची सहा इंच माती सुमारे ९ लाख किलो भरते. त्यात चुनखडी शेकडा एक धरली, तरी ती ९ हजार किलो झाली. आपल्याकडे अनेक शेतांत ती याहून पुष्कळ जास्त असते. एवढी चुनखडी मोडायला जवळ जवळ तेवढ्याच वजनाचे निर्भेळ गंधकाचे आम्ल लागेल. म्हणजे एकराला ९ हजार किलो! त्यापुढे पाच लीटरचा कॅन म्हणजे काय? शिवना नदीला पूर आला असताना घागरभर पाणी काढण्यासारखे. कॅन रिकामा होतो, खिसा रिकामा होतो, सामू आहे तिथेच राहतो. आणि समजा एखाद्याने तेवढे आम्ल ओतलेच, तर मातीतले जीवजंतू आणि गांडुळे वाचायची नाहीत.

जिप्समचेही तसेच. ते चोपण जमिनीसाठी चांगले आहे, चुनखडीवरचा तो उपाय नव्हे. ठिबकच्या नळ्यांत धरलेला पांढरा थर काढायला थोडे आम्ल सोडतात, ते मात्र खरे काम आहे. नळीतला थर मूठभर असतो, शेतातला डोंगराएवढा.

कोकणात याच्या उलट. तिथे पाऊस इतका, की त्याने मातीतला चुना धुऊन नेला. खुंटे वाहून गेले. माती आंबट झाली. तिथे शेतकरी बाहेरून चुना आणून टाकतात. एकाच राज्यात एकाचे दुखणे दुसऱ्याचे औषध.

मग पिवळ्या पानांना काय करावे? जमिनीशी कुस्ती न धरता पानाला लोह द्यावे. हिराकस म्हणजे लोहाचेच मीठ. त्याची पातळ फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करतात. किती पातळ, ते पिकावर अवलंबून असते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. शेणखत, पाचट, हिरवळीचे खत जमिनीत जाऊ द्यावे. ते कुजताना मुळांच्या जवळपास थोडे आंबट होते आणि लोह सुटते. सगळ्या शेताचा सामू बदलत नाही, मुळापुरती सोय होते. पिकाला तेवढीच हवी असते.

कॅन घेण्याआधी एक काम फुकटात होते. शेतातला चुनखडीचा पांढरा खडा घ्या. तो फोडून त्याचा चुरा करा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल. तो फेस म्हणजे चुनखडी लिंबाचे आंबट गिळते आहे आणि वायू सोडते आहे. माती तपासायला द्याल, तेव्हा सामूबरोबर मुक्त चुनखडी किती आहे, तेही तपासा असे प्रयोगशाळेत सांगा. सामूच्या आकड्यावरून मोकाट गुरे कळतात. गावात खुंटे किती, ते चुनखडीच्या आकड्यावरून कळते.